गाठीचा उजेड

म्हैसूरजवळच्या कडकोळच्या कारखान्यात वेल्डिंग करून म्हातारा झालेला मानाजीराव आता बायकोच्या एमआरआयच्या फिल्मा खिडकीला धरून वाचायला लागला होता. रुक्मिणीबाईच्या मेंदूत गाठ होती. हाताच्या शिरेत रंगाचं औषध सोडायचे, यंत्रात घालायचे, आन् फोटोत गाठ लिंबाएवढी पांढरी पेटायची. ऑपरेशन झालं, किरणं झाली, तरी पुन्हा पेटली. मग एक नवी सुई सुरू केली. पुढच्या फोटोत बघतो तर काय, लिंबू गायब!

डॉक्टरनं सोमवारी बोलावलेलं. पण एवढा दम निघतोय कुणाला? गल्लीभर मैसूरपाक वाटला आन् बायकोला घेऊन गडी नंजनगुडच्या देवळात, तिच्या केसांचा नवस फेडायला. किरणांनी गेलेले तिचे केस आत्ता कुठं बोटभर आलेले. ती म्हणाली, डॉक्टरांना विचारून येऊया की. हा म्हणाला, देवाला ताटकळत ठेवू नये. बसवलं तिला न्हाव्यापुढं.

सोमवारी तिला बाहेर बाकड्यावर ठेवून हा एकटाच आत गेला. डॉक्टरीण स्पृहा पुण्याकडची, मराठीतच बोलायची. तिनं फिल्म लावून सांगितलं, गाठ आपल्यासाठी नव्या रक्तवाहिन्या काढते. त्या असतात कच्च्या, गळक्या. त्यातून रंग झिरपतो म्हणून गाठ उजळते. सुईनं ती गळती बुजली, म्हणून उजेड गेला.

"मग गाठ?"

"गाठ आहे, काका. त्याच तपासणीतल्या दुसऱ्या तऱ्हेच्या फोटोंत पलीकडे पसरलेली दिसतेय."

पाइपाची गळती बुजवली म्हणून आतलं पाणी जात नाही, हे वेल्डरला कुणी शिकवायचं? सुई चालू ठेवा, ती म्हणाली, सूज धरून ठेवते, डोकं कमी दुखेल. त्यापलीकडं तिनं कशाची हमी दिली नाही.

बाहेर रुक्मिणीबाई बोडक्या डोक्यावर पदर घेऊन बाकड्यावरच्या बाईशी कन्नडात रंगली होती.

"अहो, ती सुई आता बंद करूया. अंग पार गळून जातं. बरी झाल्यावर सुम्ने कशाला टोचून घ्यायचं, उगाच?"

खोटं त्याच्या ओठावर आलं होतं. पण खोटं बोलला तर सुई बंद.

"घ्यायला लागंल, रुक्मे. गाठ गेली न्हाय."

तिचा हात पदराखालून बोडक्या डोक्यावर फिरला.

"मग माझे केस कशापायी काढवलेत?"

त्यानं उठवायला हात दिला. तो तिनं धरला नाही. बाकड्याचा कोपरा धरून एकटीच उठली आन् सुईच्या खोलीकडं चालायला लागली.