सदर महिला येथे राहते

आपण आपल्या घरात राहतो हे सिद्ध करायची वेळ माणसावर ते घर सोडून निघतानाच येते. किशोरी नाखवा चार वर्षं पनवेलच्या गजलक्ष्मी हाइट्समध्ये राहत होती. ती तिथे राहते याबद्दल तोवर कुणाला शंका नव्हती. होती ती तक्रार.

किशोरी तळोज्याच्या एका मासळी निर्यात कंपनीत प्रयोगशाळेत होती. कंपनी तिला वर्षभरासाठी पोर्तुगालला पाठवणार होती, खारवलेला मासा वाळवणाऱ्या एका कारखान्यात. त्या देशात म्हणे सुका मासा सणावाराला खातात आणि तो दुकानात लाकडाच्या फळीसारखा दर्शनी ठेवतात. हे ऐकून तिची आई सोनाबाई म्हणाली होती, "मंग ती आपलीच मानसं हायेत. उगाच भिऊ नको."

माणसं आपली असतील, पण कागद परके होते. वकिलातीला तिथल्या घराचा भाडेकरार आधी हवा होता आणि घरमालकाला राहण्याचा परवाना आधी हवा होता. तो तिढा कंपनीने कसाबसा सोडवला. जन्माच्या दाखल्यावर शिक्का, शिक्क्यावर शिक्का, आणि तो शिक्का खरा असल्याचा शिक्का, हेही झालं. राहिला होता फक्त पोलिसांचा चारित्र्याचा दाखला. तो सोमवारी वकिलातीत हजर केला नाही तर किशोरीच्या जागी प्रितेश जाणार होता. प्रितेश तिच्या शेजारच्या टेबलावरचा. त्याचा पासपोर्ट, आधार आणि विजेचं बिल या तिन्हींवरही एकच नाव नि एकच पत्ता होता. असल्या माणसाला परदेश मिळायचाच. तो रोज सकाळी विचारायचा, "झालं का गं तुझं?" आणि इतक्या गोड आवाजात विचारायचा की किशोरीला नमुन्याची बाटली त्याच्या डोक्यात घालावीशी वाटायची.

पासपोर्टवर पत्ता करंजाचा, तिच्या गावचा, म्हणून तिने पहिला अर्ज त्याच पत्त्यावर केला होता. चौकशीला पोलीस गेला, तर साऱ्या कोळीवाड्याने अभिमानाने सांगितलं, "किशी? ती आता हितं कुठं! पनवेलला बिल्डिंगीत रवते!" खरं बोलणाऱ्या माणसांनी अर्ज बुडवला. आता दुसरा अर्ज पनवेलच्या पत्त्यावर होता. इथेही नाही म्हटलं, तर भारत सरकारच्या लेखी किशोरी कुठेच राहत नव्हती. आणि जी कुठेच राहत नाही ती कुठून निघणार?

पनवेलचा पुरावा म्हणून तिच्याकडे काय होतं? वीजमीटर अजून बिल्डरच्या नावावर. आधार करंजाचं. उरलं सोसायटीचं पत्र. म्हणजे सेक्रेटरी दीनानाथ कर्णिक.

कर्णिकांचा माशांना विरोध नव्हता. रविवारी ते स्वतः पिशवी घेऊन बाजारात जात आणि कोळणींशी हुज्जत घालून पापलेट आणत. सोड्याच्या खिचडीबद्दल बोलताना तर त्यांचे डोळे मिटायचे. फक्त मासा हा कढईत दिसावा, दोरीवर नव्हे, एवढंच त्यांचं म्हणणं. सोनाबाई गॅलरीत बोंबील वाळत घालायची, आणि कर्णिकांची गॅलरी नेमकी खाली. या दोन गॅलऱ्यांमध्ये चार वर्षं युद्ध चालू होतं. लिफ्टमध्ये 'मासळी लिफ्टने नेऊ नये' ही पाटी लागली ती त्यातूनच. सोनाबाईला वाचता येत होतं, पण पाटी वाचायची तिला सवय नव्हती.

किशोरी पत्र मागायला गेली तेव्हा कर्णिकांनी तिला दारातच उभं ठेवलं.

"सोसायटीच्या रेकॉर्डला तुम्ही नाहीच, नाखवाबाई. शेअर सर्टिफिकेट नाही, म्हणजे मेंबर नाही. जो मेंबर नाही तो राहतो असं मी कसं लिहू?"

"सर्टिफिकेट तुमच्याच कपाटात आहे. तुम्ही सही अडवलीय."

"गॅलरीचा विषय मिटला की सही."

"आणि दर महिन्याला मेंटेनन्स घेता तो?"

"तो फ्लॅटचा. माणसाचा नाही."

अडला हरी, दुसरं काय. किशोरी घरी आली आणि तिने शरणागती पत्करली. दोऱ्या काढल्या. गॅलरी फिनेलने धुतली. खोबणीत अडकलेला एकेक खवला टाचणीने उकरला. सोनाबाईला "कागद होईपर्यंत" म्हणून करंजाला मामाकडे पाठवलं. जाताना सोनाबाई लिफ्टमध्ये कर्णिकांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "घर माजं, गॅलरी माजी, न् बोंबलानी त्याचं काय घोरं मारलं गं?"

घर स्वच्छ झालं. लव्हेंडरचा फवारा मारला. कर्णिक खूश होतील आणि पत्र देतील असा किशोरीचा हिशेब. कर्णिक खूश झाले. पत्र दिलं नाही.

आणि गुरुवारी हवालदार आले. आनंदा ठाकूर त्यांचं नाव. पोट सुटलेलं, काखेत फाइल, आणि साऱ्या जगाने आपल्याला उन्हात हिंडवायचा कट केलाय असा चेहरा.

त्यांनी घरभर नजर फिरवली. कोरडं सिंक पाहिलं. रिकाम्या दोरीचे खिळे पाहिले.

"इथं राहतं कोण?"

"मी आणि आई. आई गावाला गेलीय."

"घर तर सँपल फ्लॅटसारखं दिसतंय. बिल्डर लोक दाखवायला ठेवतात तसं." मग कागद चाळले. "मीटर बिल्डरचं. आधार करंजाचं. करंजावाले म्हणतात पनवेल. ताई, तुम्ही नक्की आहात कुठं?"

"तुमच्यासमोर आहे, साहेब."

"समोर तर कुणीही उभं राहतं. दोन शेजारी आणा."

समोरच्या वहिनींनी दार साखळीपुरतं उघडलं. आम्ही कुणाच्यात नसतो, एवढं बोलून त्यांनी तोंड आत घेतलं, पण दार फटीएवढं उघडंच ठेवलं. दुसरा साक्षीदार न बोलावता जिना चढून आला. कर्णिक.

"मी सेक्रेटरी," ते म्हणाले. "या बाई इथे असतात असं ऐकून आहे. मी काही कधी पाहिलेलं नाही. फ्लॅट बंदच असतो."

"काका!" किशोरी म्हणाली.

"मी खोटं बोलणार नाही हं. पोलिसांसमोर तर नाहीच."

हवालदारांनी सुस्कारा टाकला. त्यांना वाद नको होता, जेवण हवं होतं. "मग मी तसं लिहितो. दिलेल्या पत्त्यावर राहत असल्याचे दिसून आले नाही." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. किशोरीला प्रितेशचा गोड आवाज ऐकू आला. कर्णिक गॅलरीच्या रिकाम्या खिळ्यांकडे बघत होते; किल्ला सर केलेला सरदार बुरुजाकडे बघतो तसे.

तेवढ्यात लिफ्ट वाजली.

दार उघडायच्या आधीच वास बाहेर आला. मागून सोनाबाई आली. डोक्यावर पाटी, पाटीत करंजाचे अर्धे सुकलेले बोंबील, काखेत दोरीचं भेंडोळं.

"चार दिस झाले पावनी म्हनून बसलीय भावाकडं. तितं ऊनच नाय नीट," ती कुणालाही न विचारता म्हणाली. "आपल्या गॅलरीसारखं ऊन कुठं नाय. सरा बाजूला."

कर्णिकांच्या मानेची शीर फुगली. डोळ्यांदेखत किल्ला जात होता.

"बघा! बघा हवालदार! हे असं! लिफ्टमधून! पाटी लावलीय तरी! चार वर्षं, चार वर्षं माझ्या डोक्यावर हा तमाशा चाललाय!"

"कधीपासून म्हणालात?" हवालदारांनी कागद सरळ केला.

"ताबा घेतला त्या दिवसापासून! सकाळी ही मुलगी ऑफिसला जाताना दोऱ्या ताणून जाते, दिवसभर ही म्हातारी उलटसुलट करत बसते, संध्याकाळी ही मुलगी येऊन उचलते. गणपतीत नाही, दिवाळीत नाही, एक दिवस खाडा नाही!"

"म्हातारी कोनाला बोलतो रं?" सोनाबाईने पाटी खाली ठेवली. "तुज्या बायकोचं बारसं काय कालच झालं?"

"ऐकलंत? ही भाषा! रोज ऐकतो मी ही!"

"रोज?"

"रोज म्हणजे रोज!"

हवालदार लिहीत राहिले. किशोरी तोंड उघडणार होती. आयुष्यात पहिल्यांदाच तिने ते वेळेवर मिटलं. लिहून झाल्यावर हवालदारांनी वाचून दाखवलं. "सदर महिला आईसह चार वर्षांपासून या पत्त्यावर सलग राहत असून गॅलरीत मासळी वाळवते, हे मी स्वतः पाहिले आहे. बरोबर?"

"'रोज' घाला. रोज वाळवते. 'रोज' महत्त्वाचं आहे."

"घातलं."

"आणि दुर्गंधी."

हवालदारांनी बोंबलांच्या पाटीकडे पाहून खोल श्वास घेतला. "ती मला नाही आली."

कर्णिकांनी सही केली. वर सोसायटीचा शिक्का मारला, तो त्यांच्या खिशातच असायचा. तक्रारीवर सह्या होतायत हे फटीतून दिसताच समोरच्या वहिनींनी साखळी काढली आणि आपणहून दुसरी सही ठोकली. शेजारधर्म असा वेळेला धावून येतो.

हवालदार गेल्यावर किशोरी खुर्चीत बसली. आनंद व्हायला हवा होता, पण तिला रागच आला. ही माणसं तिचा जाण्यायेण्याचा एकेक क्षण पाठ करून होती. इतकं लक्ष तिच्यावर सख्ख्या भावानेही ठेवलं नव्हतं. आणि तरीही तिने पत्र मागितलं तेव्हा त्यांच्या लेखी ती इथे राहतच नव्हती.

सोमवारी दाखला वकिलातीत गेला. व्हिसा आला. प्रितेशने "अभिनंदन हं" म्हटलं, पण त्यातला गूळ संपला होता.

निघायच्या आदल्या दिवशी लिफ्टमध्ये कर्णिक भेटले. चौकीदाराकडून त्यांना सगळं कळलं होतं.

"माझ्या तक्रारीवर दाखला काढलात तुम्ही. ही फसवणूक आहे."

"तुम्ही खरं बोललात, काका. पोलिसांसमोर तुम्ही खोटं बोलत नाही."

"असो. गेलात एकदाच्या. फ्लॅट भाड्याने देताना शाकाहारी बघा."

"वर्षभराचाच परवाना आहे. परत येतेय. आणि आई इथेच राहणार. आता तिचा रहिवासी दाखला काढायचाय." किशोरीने हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली. लिफ्टमध्ये तो वास पसरला.

कर्णिकांच्या नाकपुड्या हलल्या. आवाज खाली आला. "सोडे?"

"करंजाचे. अजून अर्धे ओलेच आहेत. आई म्हणाली, बोंबलांबरोबर उद्यापासून हेही घालू. मोठे आहेत."

कर्णिकांनी लिफ्टमधल्या पाटीकडे पाहिलं, मग पिशवीकडे. मान गेला, तत्त्वही गेलं. "म्हणजे... वाळल्यावर... पाव किलो वगैरे..."

लिफ्ट थांबली. किशोरीने दार ओढलं.

"विकायला नाहीत, काका. पुरावा आहे."