खाडीत पडलेलं पाकीट

माझी मावशी विमानात कधी बसलेली नाही. साध्या शिडीवर चढायचं म्हटलं तरी ती पहिल्या पायरीवरून परत फिरते. पण विमानांना कापडी पंख होते आणि वैमानिक टपालाची थैली मांडीवर घेऊन उडायचे, त्या काळातल्या पाकिटांबद्दल तिला काही विचारा, की ती जेवण विसरलीच म्हणून समजा. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासते आणि घरी आली की भिंग डोळ्याला लावून बसते. घरात सगळे तिला 'वैमानिक' म्हणतात आणि ती खुशाल मिरवते.

तिच्या संग्रहाचा जीव म्हणजे एक कळकट पाकीट. ते घेऊन निघालेलं विमान खाडीत कोसळलं. वैमानिक पोहत काठाला लागला, थैली मच्छीमारांनी बाहेर काढली. टपालखात्याने पत्रं वाळवली, प्रत्येकावर 'विमान अपघातात भिजले' असा जांभळा शिक्का मारला आणि घरोघरी पोचवलीसुद्धा! तिकीट मात्र डिंक सुटून पाण्यातच राहिलं. मावशीचा सगळा जीव त्या रिकाम्या चौकोनावर.

"वाटेत जे घडलं ते तसंच ठेवायचं," ती म्हणायची. "डाग पुसायचा नाही की इस्त्री फिरवायची नाही."

मला पाकिटांतलं ओ की ठो कळत नाही. पण भिजून लगदा झालेलं पत्रही ज्याचं त्याला पोचवणाऱ्या त्या माणसांचं मला मनापासून कौतुक वाटतं, आणि त्यांची आठवण जपणाऱ्या मावशीचंही.

यंदा टपालसंग्राहकांच्या मोठ्या प्रदर्शनात तिची मांडणी पहिल्यांदाच निवडली गेली. पाकिटं पानांवर बसवायचं आणि मजकूर छापायचं काम माझ्याकडे होतं. आदल्या दुपारी मी शेवटचं म्हणून त्या कळकट पाकिटाचं पान तपासायला घेतलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. रिकाम्या चौकोनात एक कोरं करकरीत तिकीट!

"कसं दिसतंय?" मागून काकांचा आवाज आला. काका म्हणजे मावशीचे यजमान. शिंपी माणूस. कुणाच्या शर्टाचं बटण तुटलेलं दिसलं तर त्याला भर रस्त्यात थांबवतील. जुन्या तिकिटांची दुकानं पालथी घालून त्यांनी त्याच काळातलं, हुबेहूब तसं तिकीट मिळवलं होतं आणि जिभेने ओलं करून चिकटवलं होतं. "तिला सरप्राइज," ते हळूच म्हणाले.

माझं डोकंच सटकलं. "अहो काका, पाकीट बनावट झालं आता! टपालाचा शिक्का न बसलेलं तिकीट बघून परीक्षक म्हणतील, हिनेच लबाडी केली. इतक्या वर्षांचं तिचं नाव मातीत जाईल!"

काकांचा चेहरा खर्रकन उतरला.

मावशी दुकानातून आली. भिंग लावून बराच वेळ बघत राहिली. तिकीट ओलं करून काढू या, असं मी सुचवलं.

"कोपरा जांभळ्या शिक्क्यावर आलाय. पाणी लागलं की शाई पसरेल."

"मग हे पाकीट लावूच नकोस."

"मग दाखवू काय? बाकीची पाकिटं इतरांकडेही आहेत." ती काकांकडे वळली. "कुठे सापडलं हो तुम्हाला हे?"

काकांनी चाचरत सगळं सांगितलं. आता भडका उडणार, म्हणून मी वाट बघत होते. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि मला पानाखाली नवी ओळ छापायला लावली: 'मूळ तिकीट अपघातात वाहून गेले. सध्याचे तिकीट संग्राहकाच्या पतीने अलीकडेच चिकटवले आहे.'

"स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतेयस," मी म्हणाले.

"छाप तू."

व्हायचं तेच झालं. परीक्षकांनी ओळ पुन्हा पुन्हा वाचली, आपसात कुजबुज केली आणि गुण कापले. सुवर्णपदक हुकलं, कांस्यावर भागलं. मी धुमसत होते. काका मात्र कडक इस्त्रीचा शर्ट घालून दिवसभर ते पान लावलेल्या चौकटीशेजारी उभे. येईल त्याला सांगत होते, "ते तिकीट मी लावलंय. तेवढं खोटं. बाकी सगळं तिचं, आणि सगळं खरं." त्यांच्याभोवती गर्दी हटत नव्हती. मावशी लांबून बघत होती. सुवर्णपदक हुकलेल्या बाईचा चेहरा असा फुललेला असतो, हे मला माहीत नव्हतं.

आवराआवर करताना काका खालमानेने म्हणाले, "ते काढून देणारा कुणी जाणकार शोधू या."

"सापडलाय. एका परीक्षकांनीच विचारलं. शिक्क्याला धक्का न लावता काढून देतो म्हणाले."

"मग?"

"मी नको म्हटलं."

"अगं, का?"

"वाटेत जे घडलं ते तसंच ठेवायचं असतं," मावशी म्हणाली आणि चौकट त्यांच्या हातात दिली. "नीट धरा."

बसमध्ये सामान ठेवायला वर भरपूर जागा होती. काका घर येईपर्यंत ते पाकीट मांडीवर घेऊन बसले.