दाजीच्या कुंपणातली दोरी

वाल शेंगांवर आले की डोंगरातून रानडुकरं उतरायची आणि एका रात्रीत शेत उकरून ठेवायची. म्हणून दाजीने बंदुकीचा परवाना काढला. पण रात्रभर मचाणावर जागायचा त्याला कंटाळा. कुंपणाला जिथे खिंडार होतं तिथे तो बंदूक खुंटांना बांधून ठेवी, आणि चापाला दोरी लावून ती वाटेत आडवी ताणी. डुक्कर दोरीला अडलं की बार. उजाडल्यावर जाऊन तो दोरी सोडायचा.

गागोद्यापलीकडच्या त्या वाडीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. पोरांना कोणी त्या अंगाला फिरकू देत नसे. मैनाचा नवरा गुणाजी पोलीस पाटील. त्याने एकदा दाजीला हटकलं.

"शेत माझं, बंदूक माझी," दाजी म्हणाला. "माझ्या कुंपणात कोणी शिरावंच कशाला?"

गुणाजी आल्या वाटेने परत गेला. संध्याकाळी डुकराच्या मटणाचा वाटा त्याच्याही घरी आला, आणि मैनाने तो शिजवला. घरोघरी शिजला.

ठमाबाई धरमतरकडची. नवरा मिठागरावर राबायचा, ही सुकट-बोंबलाची पाटी घेऊन वाडीवर यायची. मैनाच्या ओटीवर टेकायची, मग पलीकडच्या पाड्यावर जायची.

त्या दिवशी दाजी सकाळच्या एसटीने रोह्याला गेला. शेताकडे न जाता घरातूनच तडक रस्त्याला लागलेला मैनाने पाहिला. दोरी सोडली असेल ना, असं तिच्या मनात येऊन गेलं. मग ती कामाला लागली.

ऊन चढल्यावर, ओटीवर टेकलेल्या ठमाबाईने पाटी उचलली. "कुंपनातून गेले तर पाडा जवल पडंल ना गो?"

शब्द मैनाच्या ओठांवर आले होते. पण परक्या बाईला गावची गोष्ट सांगितली तर उद्या पेणच्या बाजारात तिचा बोभाटा होणार, नवऱ्याच्या पाटीलकीवर येणार.

"सांभाळून जा," एवढंच ती म्हणाली.

थोड्या वेळाने बार झाला. मैना हातातलं भांडं टाकून धावली. ठमाबाई खिंडारात पडली होती, गुडघ्याखाली पायाचा चेंदा झाला होता. माणसांनी झोळी करून तिला रस्त्यापर्यंत नेलं. जीव वाचला, पण अलिबागच्या इस्पितळात पाय कापावा लागला.

दुसऱ्या दिवशी फौजदार आला. देवळासमोर सगळे जमले. दाजी मध्ये बसला होता, तोंड उतरलेलं.

"दोरीचं कोणाला माहीत होतं?" फौजदाराने विचारलं.

"कोनालाच नाय साहेब," गुणाजी म्हणाला. "ह्याचा एकट्याचा कारभार."

होकाराच्या माना हलल्या. दाजीने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. त्याच्या नजरेला कोणी नजर दिली नाही.

"ठाऊक होतं," बायकांच्या घोळक्यातून मैना म्हणाली. "सगळ्यांना. मटण आमच्यात पन शिजलं. आन् त्या बाईला जाऊ दिली ती मीच."

"मैने, घरी जा," गुणाजी म्हणाला.

ती गेली नाही.

दाजीला शिक्षा झाली. गुणाजीची पाटीलकी गेली, आणि तो मैनाशी कामापुरतं बोलू लागला. विहिरीवर ती आली की बायका घागरी उचलायच्या. त्याचं तिला फारसं वाटलं नाही. तिला झोपू देत नव्हतं ते दुसरंच.

पावसाळा सरल्यावर ती धरमतरला गेली. ठमाबाई उंबऱ्याशी बसून जाळं विणत होती.

"मला ठाऊक होतं गो," मैना उभ्याउभ्याच म्हणाली.

"व्हय. फौजदार सांगत व्हता." ठमाबाईने गाठ ओढली. "तू सांभाल म्हनलीस, मला वाटलं, काटाकुटा आसंल."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मैनाला बरं वाटलं असतं. माफी मागायला म्हणून ती एवढ्या लांब आली होती, पण तो शब्द आता तिलाच हलका वाटू लागला. माफी न मागताच ती परत फिरली.