रॉकेलने न निघालेला पिवळा

आधी चूक सांगून टाकू, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

रंगाऱ्याचं अंग पिवळं पडत होतं आणि त्याची बायको ते रॉकेलने पुसत होती. चार दिवस. दोघं मिळून एका शाळेचे वर्ग रंगवत होते. भिंत पिवळी, बादली पिवळी, मान पिवळी. शंका कुणाला येणार? खाज सुटली तेव्हा ती म्हणाली, "आंघोळ नीट करत जा." पोटात कळ आली तेव्हा म्हणाली, "छताचं काम निघालं की बरं तुमचं पोट दुखतं!" पाचव्या दिवशी तो थंडीतापाने कुडकुडला आणि तिने पाहिलं, डोळ्यांतलं पांढरंही पिवळं झालेलं. डोळ्यांत काही कुणी ब्रश फिरवत नाही.

बाहेर.

इस्पितळात ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या बाकावर ती आणि नणंद. हातात डॉक्टरीणबाईंनी काढून दिलेलं चित्र. त्या म्हणाल्या होत्या: पित्ताशयातला खडा घसरून पित्ताच्या नळीच्या तोंडाशी अडकलाय, मागे पू होतोय. तोंडातून दुर्बीण घालून आजच काढू. नाहीच जमलं तर पोट उघडावं लागेल, आणि एवढ्या तापात ते जोखमीचं.

आत.

(हे तिने पाहिलेलं नाही, चित्रावरून रचलंय.) दुर्बीण घशातून उतरते, जठर ओलांडते, नळीच्या तोंडाशी थांबते. तिथे बारीकसा छेद. खड्याच्या पलीकडे इवलासा फुगा फुगवतात आणि मागे ओढतात. ओढतात.

बाहेर.

नर्स डोकावली. "खडा मोठा आहे. वेळ लागेल." दार बंद.

"मी त्यांना रॉकेल चोळलं गं."

"चोळलंस तर चोळलंस," नणंद म्हणाली. "आमच्या घरात त्याला इतकं घासून कुणी पुसलंच नव्हतं. आणि दादा जन्माचा हट्टी, वहिनी. खडा तरी कुणावर जाणार?"

तिला हसू आलं नाही.

बाहेर.

पुन्हा बाहेरच. आत जायला मन धजेना.

शेवटी दार उघडलं. डॉक्टरीणबाई टोपी काढत आल्या. "निघाला! फुग्याला दाद देईना, मग जाळीत धरून आतच फोडला. तुंबलेलं सगळं वाहून गेलं. पोट उघडावं लागलं नाही. पित्ताशय मात्र ताप गेल्यावर काढायचं, तेही चार छोट्या भोकांतून."

आत. आता खरोखरच.

तिने चादर वर केली. पोट जसंच्या तसं. ना टाका, ना पट्टी. तिने तळहात ठेवून पाहिला.

"अगं, लोक बघतायत," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"बघू देत. दुखतंय?"

"घसा."

"आणि पोट?"

तो जरा वेळ आतली चाहूल घेत राहिला. "नाही गं."

ती खाटेच्या पायाशी टेकली आणि टेकल्या टेकल्या घोरू लागली. तासाभराने ताप बघायला आलेल्या नर्सने दोघांच्या पिवळ्या माना पाहिल्या आणि नणंदेला हळूच विचारलं, "यातला पेशंट कोणता?"