आखाजीचं पाणी

मोहिनीनं रहाटावरचा दोर सोडवला, हातावर गुंडाळला आणि सरळ नेऊन जीपमध्ये टाकला. विहिरीभोवती जमलेलं गाव नुसतं बघत राहिलं. बघणार नाही तर काय करणार? आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण, घरटी एक कोरी घागर पितरांसाठी भरायची, आणि गावचीच लेक जिल्ह्याची साथरोग अधिकारी होऊन विहीर बंद करायला आलेली.

याच विहिरीच्या पाण्यातून पसरलेली गॅस्ट्रोची साथ आता कुठे ओसरत होती. गाव निमूटपणे टँकरचं औषध टाकलेलं पाणी पीत होतं. नंदुरबारच्या बैठकीत सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला, तेव्हा मोहिनीनं मात्र कपाळाला हात लावला. माणसं टँकरचं पितील हो, पण पितरांना औषधाचं पाणी कोण देणार? त्यांची घागर जुन्या विहिरीवरच भरणार, आणि पूजा झाली की त्यातलंच पाणी घोटघोट घरभर वाटणार. हे त्या बैठकीत तिच्याशिवाय कुणाला माहीत असणार?

धडगावच्या वरच्या पाड्यांवर गोवराच्या साथीत ती पायी हिंडली होती. दारं लावून बसलेल्या आयांनी शेवटी लस टोचायला तिच्याच मांडीवर लेकरं दिली होती. तिला त्याचा अभिमान होता आणि तो ती लपवतही नसे. पण परक्या गावाला समजावणं वेगळं. इथे समोर बाप उभा होता.

रतिलालच्या हातात सगळ्यांत मोठी घागर होती. मोहिनीची आई गेल्या पावसाळ्यात गेली. तिच्या नावाची ही पहिली घागर. रीतीप्रमाणे ती मुलानं भरायची, म्हणून मोहिनीचा भाऊ भूपेंद्र बादली घेऊन शेजारी उभा होता.

"मोने, दोर दे," रतिलाल म्हणाला. "तुन्हा मायनी घागर शे."

"माले मालूम शे, आबा. दोर भेटाव नही."

"मंग तिले टँकरनं पानी पाजू का? दवाईना वास मारस त्याले."

"मारस. पन त्यानीच गाव वाचनं."

शेजारची रुखमाबाई पुढे झाली. "शिकनी म्हनीसन पितरेस्ले उपाशी ठेवशी का व माय?"

मोहिनीला फार वाईट वाटलं. बापाला दोर दिला तर पाठोपाठ सगळं गाव पाणी शेंदणार, आणि आठवडाभरात दवाखान्यात खाटा पुरणार नाहीत. नाही दिला तर माहेरचं दार कायमचं लागेल. तिनं जीपच्या दारावरचा हात काढला नाही.

रतिलालनं घागर छातीशी धरली.

"तुन्ही माय शेवटलं पानी मांगी ऱ्हायंती, तवय तू कोठे व्हती?"

"धडगावले, आबा. साथमा."

मोहिनीची मान खाली गेली.

"मी तिले बोलनू, मोनीले बलावू का," रतिलाल आता गावाकडे बघून बोलत होता. "तर म्हने, नका. ती लोकेसना पोरे वाचाडी ऱ्हायनी, तिले वाचाडू द्या. मंग ती गयी, पन तोंडवर हसू व्हतं तिन्हा."

एवढं बोलून तो जीपमागे उभ्या असलेल्या टँकरपाशी गेला आणि नळाखाली घागर ठेवली. भूपेंद्र तोटी फिरवायला वाकला. रतिलालनं त्याचा हात बाजूला केला.

"तू नको." मग मोहिनीकडे वळून म्हणाला, "मायले पानी देवानं तुन्हं ऱ्हायनं शे. तू भर."

लेकीनं घागर भरायची रीत त्या गावात नव्हती. मोहिनीनं हात धुतले, पदराला पुसले आणि तोटी उघडली. डोळे भरून आले होते, तरी काठोकाठ भरेपर्यंत तिनं तोटी सोडली नाही.

घागर उचलून ती मागे वळली, तर रुखमाबाई आपली घागर घेऊन उभी होती.

"मन्ही बी तूच भर व माय," ती म्हणाली.