ज्वारीच्या दाण्याएवढी फट

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. तुमच्या चकचकीत सर्व्हिस सेंटरच्या कागदावर दोनदा तेच वाक्य आहे, 'बेल्ट खराब निघाला.' बेल्ट खराब नव्हता. तुम्हाला वाकून बघायचा कंटाळा होता.

मित्रांनो, मी एक जुना फॅन बेल्ट आहे. बिबवेवाडीच्या कल्याणीताईंच्या गाडीत, इंजिनाच्या तीन चाकांवरून मी फिरतो. मी फिरलो की इंजिनात पाणी खेळतं, बॅटरी भरते. मी तुटलो की गाडी तापून उभी राहते. मंगळवारी आणि शुक्रवारी याच गाडीतून ताईंची आई, कांताबाई, खराडीला डायलिसिसला जातात.

माझ्या आधीचे दोघं तीन-तीन महिन्यांत संपले. दुसरा तर मुंढव्याच्या पुलावर तुटला. भर उन्हात, त्या गर्दीत एक रिक्षा थांबेना. कांताबाईंची वेळ हुकली आणि पुढचे दोन दिवस त्यांना धाप लागत राहिली.

मग मला बसवलं. बसवणाऱ्याने मला तारेसारखं ताणलं आणि वर म्हणाला, "मॅडम, आता बिनधास्त." आठव्या दिवशी मी किंचाळू लागलो. सेंटरने फोनवर सांगितलं, बेल्ट बदलावा लागेल.

"नको. आता मीच बघते," ताई म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी पार्किंगमध्ये त्यांनी बॉनेट उघडलं. किल्ली खिशात, इंजिन गार. शेजारचे सुदर्शन दुधाची पिशवी घेऊन थांबले.

"ताई, गॅरेज काढलंत? कळवायचं तरी. हार आणला असता."

"हार राहू द्या. टॉर्च धरा."

कांताबाई बाजूला खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी तीस वर्षं पिठाची गिरणी चालवली होती. आजारपणात हे सगळेच विसरले होते.

"कल्याणी, ती काळी भुकटी एकाच बाजूला का सांडलीय गं?"

"रबर झिजतंय, आई."

"ते मलाही दिसतंय. एकाच कडेने का झिजतंय? गिरणीचा पट्टा असा कडेने झिजायला लागला की आम्ही पट्ट्याला शिव्या देत नव्हतो. चाकं बघायचो. दोरा आण."

दोरा ताणून तिन्ही चाकांच्या तोंडावर धरला. दोन चाकांना टेकला. तिसऱ्यापाशी, बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरच्या चाकापाशी, ज्वारीच्या दाण्याएवढी फट राहिली. तेवढ्या फटीसाठी मी रोज वाकडा धावत होतो.

त्याच्या आदल्या वर्षी सेंटरने त्या अल्टरनेटरचं बेअरिंग बदललं होतं. खोलताना निघालेला जाड वॉशर परत घातलाच नव्हता. त्याचा गोल ठसा तेवढा लोखंडावर उरला होता.

सुदर्शन तसाच वॉशर घेऊन आले. तो बसवला. दोरा तिन्ही चाकांना टेकला. मग ताईंनी माझा ताण उतरवला. अंगठ्याने मधोमध दाबलं की करंगळीच्या जाडीएवढा दबेन, इतकाच ठेवला. किती दिवसांनी मी अंग सैल सोडलं.

गाडी सुरू केली.

"झाली का चालू?" कांताबाईंनी विचारलं.

"झाली की."

"मग ओरडत का नाही?"

"काकू, तुम्हाला सवय लागलीय," सुदर्शन म्हणाले. "आता करमायचं नाही."

ताई आईच्या खुर्चीशेजारी, तिथेच फरशीवर, काळ्या हातांनी बसून राहिल्या. कांताबाईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. शुक्रवारी आम्ही खराडीला वीस मिनिटं आधी पोहोचलो.

त्याला आता तीन वर्षं होतील. एकही फेरी चुकलेली नाही. कडा थोड्या भेगाळल्यात, लवकरच मला उतरवतील. त्याचं दुःख नाही, झिजून जाणं हे माझं कामच आहे. मित्रांनो, घरातलं एखादं यंत्र ओरडू लागलं तर ते फेकण्याआधी वाकून बघा. ओरडणाराच दोषी असतो असं नाही.

आणि साहेब, ताईंनी तुम्हाला पत्र लिहिलं होतं. तीन वर्षांत उत्तर नाही. म्हणून आता मी विचारतो. तो वॉशर काढून कुणी बाजूला ठेवला? आणि माझ्या दोन भावांच्या नावावर लिहिलेलं 'खराब' तुम्ही कधी खोडणार?