पगारी आठ दिवस

नागनाथने भाकरीचा तुकडा वरणात कुस्करला आणि म्हाताऱ्याच्या ओठांजवळ नेला. दोन्ही डोळ्यांवर पांढरी पट्टी बांधलेले व्यंकटराव तोंड उघडून वाट पाहत होते.

पाथरीच्या शाळेत मोतीबिंदूचे शिबिर भरले होते. बाकडी हलवून वर्गांत खाटा मांडल्या होत्या. फळ्यावर कुणाचे तरी गणित अर्धवट राहिले होते. नागनाथ परभणीच्या एका कचेरीत कारकून होता. शिबिरात सेवा करू इच्छिणाऱ्यांना कचेरीने आठ दिवस पूर्ण पगारी मोकळीक दिली होती. रुग्णांच्या यादीत व्यंकटरावांचे नाव दिसताच त्याने ती खाट स्वतःकडे मागून घेतली.

"नागनाथ, पगार सगळ्यांला सारखाच हाय," शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला भरवता भरवता सहकारी दिनकरराव म्हणाले. "बापाची तरी एवढी सेवा केली होतीस का रे?"

"आमच्या बापाला शेवटपर्यंत सगळं दिसायचं."

बारा वर्षांपूर्वी, नामांतराच्या दंगलीत, हेच व्यंकटराव नागनाथच्या दलित वस्तीच्या तोंडाशी उभे राहून बोट दाखवीत होते: आधी हे घर, मग ते. धाकट्या बहिणीसाठी नागनाथ जळत्या घरात शिरला होता. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे कायमची एकमेकांना चिकटली. बहीण बाहेर आली नाही.

म्हणून तो औषधाची वेळ चुकू देत नव्हता. म्हाताऱ्याला खोकला आला की टाक्याला धक्का लागू नये म्हणून डोके अलगद तोलून धरी. हे डोळे त्याला शाबूत हवे होते. पट्टी सुटताच त्यांनी सर्वांत आधी त्यालाच पाहावे, एवढेच त्याने बारा वर्षे मागितले होते.

सातव्या दिवशी ओसरीवरून चालवताना व्यंकटरावांचा हात त्याच्या बोटांवर येऊन थबकला.

"पोरा, हे कशानं झालं?"

"भाजलं."

"चुलीवर?"

"घरात."

"कोन्या गावचा तू?"

"पट्टी सुटू द्या. सांगतो."

त्या सांजेला व्यंकटराव जेवले नाहीत.

आठव्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि जाड भिंगांचा चष्मा चढवला.

"आजोबा, यांची बोटं मोजा बरं."

नागनाथने उजवा हात पुढे धरला. म्हाताऱ्याची नजर बोटांवर आली, अडली आणि सावकाश त्याच्या चेहऱ्यापर्यंत चढली.

"काय दिसत न्हाई, डाक्टरसायब. समदा अंधार हाय."

डॉक्टर खिन्न होऊन कागदावर काही लिहू लागले. व्यंकटराव उठले. वाटेत कुणी ठेवलेली पाण्याची बादली त्यांनी हलकेच वळसा घालून टाळली. नागनाथखेरीज ते कुणी पाहिले नाही.

"यांना आणखी ठेवून घ्यावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "पण तुमचे पगारी दिवस आज संपले ना?"

"ते संपले, साहेब. पुढचे माझे."

त्याने तोच हात पुन्हा पुढे केला.

"चला, व्यंकटराव. दिसेपर्यंत मी हाय."

दाराच्या उजेडात म्हाताऱ्याचा हात हवेत चाचपडत राहिला. समोरच्या त्या दोन बोटांना नेमका टाळत.